सोलर लावलं तर महावितरणची लाइन कापता येईल का? नागपुरातल्या २० फ्लॅटच्या इमारतीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. मनीषनगरची इमारत, स्टिल्टवर पाच मजले, २० फ्लॅट, गच्ची ३,६०० चौरस फूट. लिफ्ट, दोन पंप, जिन्याचे दिवे आणि सीसीटीव्ही मिळून कॉमन मीटरवर महिन्याला सरासरी ९०० युनिट जातात. फ्लॅटमागे वर्षाची सरासरी महिना २५० युनिट, पण एप्रिल ते जून ४५०च्या पुढे. खाली १५ केव्हीएचा जनरेटर आहे. विक्रेता म्हणतो, ३० किलोवॅट सोलर आणि बॅटरी लावा आणि महावितरणची जोडणीच काढून टाका. एक सभासद म्हणतात, कोराडीचं वीजकेंद्र हाकेच्या अंतरावर असताना हा उपद्व्याप कशाला? कोणाचं ऐकायचं?

दोघांचंही पूर्ण ऐकू नका. या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. वर्षाला लागतात तेवढी युनिटं आपण बनवू शकतो का, हा एक. ज्या तासाला वीज लागते त्याच तासाला ती आपल्याकडे असते का, हा दुसरा. सोलरचं कोटेशन पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतं आणि दुसऱ्याचंही दिल्यासारखं दाखवतं. नेमकी तिथेच फसगत होते.

आधी पहिला प्रश्न. ५५० वॅटचं आजचं पॅनेल साधारण २.२८ मीटर लांब आणि १.१३ मीटर रुंद असतं, म्हणजे २.६ चौरस मीटरच्या आसपास. नुसतं पॅनेल मोजलं तर एका किलोवॅटला ५० चौरस फूट पुरतात. पण ओळींमधलं अंतर, धुण्यासाठी चालायची वाट, टाकी, लिफ्टची खोली आणि कठड्याची सावली धरली की तोच आकडा ८० ते १०० फुटांवर जातो. ३,६०० फुटांच्या गच्चीत खरी वापरता येणारी जागा २,००० फूट धरा. म्हणजे २० ते २२ किलोवॅट. ३० किलोवॅट बसवायचेच तर अख्खी गच्ची लोखंडी मांडवाखाली जाईल. मग उन्हाळ्यात कुरडया-पापड कुठे वाळवायचे, हा वाद पाचव्या मजल्यावरून सुरू होतो आणि तो तांत्रिक वादापेक्षा जास्त चालतो.

नागपुरात नीट बसवलेला आणि वेळेवर धुतलेला एक किलोवॅट वर्षाला १,४०० युनिटच्या आसपास देतो. मार्च ते मे दिवसाला ४.५ ते ५ युनिट, हिवाळ्यात ३.५ ते ४, जुलै-ऑगस्टमध्ये २.५ ते ३. झड लागली की एकावर येतो, कधी त्याच्याही खाली. २२ किलोवॅटचे वर्षाला सुमारे ३१,००० युनिट झाले. तुमची गरज किती? फ्लॅटांचे ६०,००० आणि कॉमन मीटरचे १०,८००, मिळून ७०,८००. म्हणजे गच्ची भरूनही निम्म्याच्या आतच. ३० किलोवॅटचा मांडव घातला तरी ६० टक्के. पाच मजली इमारत ही वीज आयात करणारीच असते. माणसं एकावर एक राहतात आणि छप्पर मात्र एकच असतं.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे तासांचा. मे महिन्याचाच एक दिवस घ्या, कारण त्या दिवसांत उत्पादन चांगलं असतं. २० फ्लॅट प्रत्येकी १५ युनिट म्हणजे ३००, वर कॉमनचे ३०. सोलर देणार १०० ते १०५. यात बॅटरीचा प्रश्न बॅटरीच्या किमतीच्या आधीच निकालात निघतो, कारण ती भरायला वीजच उरत नाही. तरी आकडा पाहून घ्या. उन्हाळ्यात संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत फ्लॅटमागे ९ युनिट धरले तर रात्रीचे १८० होतात. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि पॅनेल-बॅटरीच्या डीसी विजेची घरातली एसी वीज करणाऱ्या इन्व्हर्टरमध्येही थोडं जातं, म्हणून २१० युनिटची बॅटरी हवी. बहुतेक इलेक्ट्रिक कारमध्ये ३० ते ५० युनिटची असते, म्हणजे चार ते सात कारच्या बॅटऱ्या. आणि ही सोय फक्त एका रात्रीची. ऑगस्टमध्ये सलग तीन दिवस झड लागली तर पाचशेच्या वर युनिटांचा खड्डा पडतो. तो कुठल्याही बॅटरीने भरणं शहाणपणाचं नाही. जोडणी कापायचा विषय इथे संपला.

कोराडीवाल्या सभासदांचं म्हणणं मात्र नुसतं उडवून लावण्यासारखं नाही. आपण चहूबाजूंनी वीजकेंद्रांनी वेढलेले आहोत. कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच, खापरखेडा १,३४० मेगावॅट, मौदा २,३२०, चंद्रपूर २,९२०. पण ही वीज नागपूरची म्हणून राखून ठेवलेली नसते. ती उच्चदाबाच्या जाळ्यात जाते आणि जाळ्यातून सगळ्यांना मिळते. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची, ५०० केव्हीची थेट-प्रवाहाची लाइन आहे, क्षमता १,५०० मेगावॅट. ती विदर्भाची वीज मुंबईच्या बाजूला नेते. मुंबईला जागा नाही म्हणून ती बाहेरून वीज आणते. १२ ऑक्टोबर २०२० ला ती बाहेरची वाट तुटली तेव्हा, ट्रॉम्बेसारखी केंद्रं शहरातच असूनही, मुंबई अंधारात गेली. तुमच्या इमारतीची अडचण त्याच जातीची आहे. आयात करणं वाईट नाही. आयात बंद पडलेल्या तासाला काय, याची सोय नसणं वाईट. शिवाय जाळ्यातली वीज मुख्यतः कोळशाची असल्याने देशाच्या सरासरीने एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. कॉमन मीटरचे १०,८०० युनिट म्हणजे वर्षाला साडेसात टन. राख कोराडीला पडते आणि बटण आपण दाबतो.

म्हणून माझा सल्ला असा: आधी फक्त कॉमन मीटरसाठी ८ किलोवॅट.

हा आकडा कुठून आला? १०,८०० भागिले १,४००, म्हणजे पावणेआठ. ५५० वॅटची १५ पॅनेल घेतली की ८.२५ किलोवॅट होतात. मुद्दाम मोठा प्लांट घेऊ नका. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे आपण लाइनला दिलेली युनिटं घेतलेल्यांतून वजा होतात त्या पद्धतीत, जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यांत वळती होतात, पण आर्थिक वर्ष संपताना, ३१ मार्चला, उरलेली युनिटं कमी दराने विकत घेऊन खातं शून्य केलं जातं. एप्रिल-मेची शिल्लक जुलै-ऑगस्टमध्ये खर्ची पडते, तो क्रम आपल्या सोयीचा आहे. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये साठलेली शिल्लक स्वस्तात जाते. गरजेपेक्षा ३ किलोवॅट जास्त बसवले तर ते वर्षभर नाममात्र दरासाठीच राबतात. दुसरं कारण बिलाच्या टप्प्यांचं. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पायऱ्यांनी चढतो. ९०० युनिटांच्या कॉमन मीटरचा वरचा भाग सगळ्यात महाग पायरीवर असतो आणि सोलर सर्वांत आधी तीच युनिटं खातं. फ्लॅटमध्ये २५० युनिट वापरणाऱ्याची बचत त्या मानाने कमी. स्थिर आकार मात्र राहतोच, तेव्हा ‘बिल शून्य’ असं सभेत कोणी सांगू नये.

अनुदानही या बाजूने आहे. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक सोयींसाठी किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात, ८ किलोवॅटला १,४४,०००. एकट्या घराला पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे जास्तीत जास्त ७८,००० मिळतात. या दोन वेगळ्या रांगा आहेत. विक्रेता दुसरीचा हिशेब पहिलीला लावत असेल तर तिथेच थांबवा. अनुदानासाठी पॅनेलमधले सेलसुद्धा भारतात बनलेले हवेत. कोटेशनमध्ये ‘डीसीआर’ (देशी बनावटीची अट) हा शब्द आणि बसवताना प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक लिहून घ्या. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला वेगळ्या तांत्रिक अभ्यासाची अट नाही, हा ८ किलोवॅटचा आणखी एक फायदा. कॉमन मीटरचा मंजूर भार ८ किलोवॅटपेक्षा कमी असेल तर १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जात तो वाढवण्याचं काम नियमाने वीज कंपनीचं आहे, पण तो वाढला का ते पाहून घ्या. सोसायटी असो की अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन, सर्वसाधारण सभेचा ठराव आणि असोसिएशनच्या नावाचं बँक खातं लागतंच.

आता गच्चीवर काय चुकतं ते. यावर जरा थांबतो, कारण पैसे इथेच बुडतात.

सावली. विक्रेता मे महिन्यात दुपारी बारा वाजता येतो आणि ‘बघा, कुठे सावलीच नाही’ असं दाखवतो. नागपूर २१.१५ अंश अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि खांबाचीही सावली पडत नाही. त्या दिवशी कुठलीही गच्ची निर्दोषच दिसणार. २१ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य फक्त ४५ अंशांवर असतो, म्हणजे दक्षिणेकडच्या आठ फूट उंच टाकीची सावली आठ फूट लांब, आणि सकाळी नऊला त्याच्या दुप्पट. टाकी पॅनेलांच्या उत्तरेला असेल तर फारसं बिघडत नाही, दक्षिणेला असेल तर जागा बदला. एका माळेतल्या, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनेलांपैकी, एका पॅनेलवर सावली पडली तरी सगळ्या माळेचं उत्पादन घसरतं. म्हणून १५ पॅनेल एकाच माळेत न ओवता ८ आणि ७ अशा दोन माळा करून इन्व्हर्टरच्या दोन वेगळ्या एमपीपीटीवर (माळेतून जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या भागांवर) द्या. थंडीत, पहाटे ८ अंशांवर, एका पॅनेलचं उघडं (लोड नसतानाचं) व्होल्टेज ४९-५० वरून ५२ पर्यंत चढतं. ८ पॅनेलचे ४१६ व्होल्ट झाले, हे थ्री-फेज इन्व्हर्टरच्या मर्यादेच्या बरंच आत आहे.

उष्णता. ४५ अंशांच्या दुपारी पॅनेलचा सेल ७० अंशांवर जातो. त्याची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते आणि वरच्या प्रत्येक अंशाला ०.३० ते ०.३५ टक्के घट होते. म्हणजे १३ ते १६ टक्के तिथेच गेले. ८.२५ किलोवॅटचा प्लांट मेच्या दुपारी ६ ते साडेसहा दाखवत असेल तर तो ठीक आहे, कंपनीला फोन करू नका. पॅनेलखालून वारा खेळेल इतकी जागा मात्र ठेवा. गच्चीला चिकटवून बसवलेली पॅनेल आणखी तापतात.

वारा. १५ पॅनेलचं वजन साधारण ४२० किलो, त्याने स्लॅबला काही होत नाही. भीती वजनाची नसून उचलली जाण्याची आहे. भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद दिला आहे. त्याचा दाब चौरस मीटरला ११५ किलोच्या पुढे जातो. पूर्ण पॅनेलवर धरला तर ३०० किलो. प्रत्यक्ष जोर कल आणि जागेनुसार बदलतो, पण कोपऱ्यावरच्या पॅनेलला तो सगळ्यात जास्त बसतो. एक फुटाचा सिमेंटचा ठोकळा ६५ किलोचा. तेव्हा ‘ठोकळ्यांवर ठेवून देतो’ म्हणणाऱ्याला अवकाळीच्या वादळाचा हिशेब लिहून मागा. मी १० ते १५ अंशांचा कल पसंत करतो. अक्षांशाइतक्या, २१ अंशांच्या, कलाच्या तुलनेत उत्पादन किरकोळच घटतं, पण वारा कमी धरला जातो आणि ओळी जवळ येतात. सात-आठ फूट उंच सांगाडा हवाच असेल तर त्याचे पाय कॉलम-बीमवर घ्या, केमिकल अँकरने, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचं डिझाइन घ्या. कोब्यात सरसकट भोकं पाडली की दुसऱ्या पावसाळ्यात पाचव्या मजल्याचं छत गळतं आणि दोष सोलरला लागतो.

वायरिंग. डीसी बाजूला ४ चौरस मिलिमीटरची सोलर केबल, आणि जोडणीचे दोन्ही एमसी४ कनेक्टर एकाच कंपनीचे. वेगवेगळ्या कंपन्यांचे जोड बसतात, पण आत नीट घट्ट होत नाहीत, तापतात आणि एखाद्या दुपारी पेटतात. अर्थिंगचे खड्डे तीन: डीसी-सांगाड्याचा, एसीचा आणि वीजरोधकाचा वेगळा. उन्हाळ्यात माती कोरडी झाल्यावर रोध मोजायला सांगा. पावसाळ्यात मोजलेला आकडा सगळ्यांचाच छान येतो.

मग येतो तो नेहमीचा फोन: ‘कडक ऊन आहे आणि इन्व्हर्टर बंद पडतो.’ डीपीवर बऱ्याच जणांचं सोलर असेल तर दुपारी व्होल्टेज वर जातं आणि ठरावीक मर्यादेपलीकडे इन्व्हर्टर स्वतःहून बाजूला होतो. त्यात आपली केबल बारीक असेल तर भर पडते. ४० मीटर अंतरावर ४ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल आणि सिंगल-फेजवर ५ किलोवॅट असेल तर एकट्या केबलमुळे ८ व्होल्ट वाढतात. तोच मार्ग थ्री-फेजवर ८ किलोवॅटला फेजमागे २ व्होल्ट. म्हणून इन्व्हर्टर थ्री-फेज घ्या आणि केबल एक पायरी जाड. तरीही बंद पडत असेल तर इन्व्हर्टरच्या नोंदीतले वेळ आणि व्होल्टेज छापून उपविभागीय कार्यालयात द्या, ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलून मिळतो. तोंडी तक्रारीने हे काम होत नाही. व्होल्टेज वरखाली नाचत असेल तर आधी आपलाच न्यूट्रल ढिला आहे का ते पाहा.

सगळ्यात महाग चूक जनरेटरची. लाइन गेली की साधं सोलर भर दुपारीही बंद होतं. लाइनवर काम करणाऱ्या कामगाराच्या जिवासाठी ती अट आहे. पण सोलरची जोडणी चेंजओव्हर स्विचच्या (इमारत लाइनवरून जनरेटरवर नेणाऱ्या) लोडच्या बाजूला केली असेल तर जनरेटर सुरू होताच इन्व्हर्टर त्यालाच लाइन समजतो आणि वीज सोडू लागतो. लिफ्ट उभी आणि पंप बंद असेल तर ती वीज उलटी जनरेटरमध्ये शिरते. पुढचा खर्च अल्टरनेटरचा, म्हणजे जनरेटरच्या वीज बनवणाऱ्या भागाचा. सोलर नेट मीटर आणि चेंजओव्हर यांच्या मधेच जोडायचं, म्हणजे जनरेटरच्या वेळी ते आपोआप तुटलेलं राहतं.

बॅटरी हवीच असेल तर ती लाइन गेलेल्या दोन तासांसाठी घ्या. १० केव्हीएचा थ्री-फेज हायब्रिड (सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा) इन्व्हर्टर आणि १० युनिटची लिथियम फॉस्फेट बॅटरी लिफ्ट, दिवे, सीसीटीव्ही आणि थोडा वेळ एक पंप ओढेल. लिफ्टचा ड्राइव्ह व्हेरिएबल फ्रीक्वेन्सीचा (मोटर हळूहळू सुरू करणारा) आहे ना, ते पाहा. थेट सुरू होणारी मोटर सुरुवातीला सहा-सात पट करंट खेचते आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. बॅटरी लिफ्टच्या खोलीत ठेवू नका, मेमध्ये तिथे उभं राहवत नाही आणि उष्णतेने तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. स्टिल्टमध्ये हवेशीर, पाणी न साचणारी जागा द्या, पण जिन्याखाली नको. जनरेटर चालू स्थितीत असेल तर पहिली दोन वर्षं बॅटरी नसली तरी अडत नाही.

रात्रीची आयात कमी करायचा खरा उपाय गच्चीवर नाही, छताला लटकलेला आहे. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३०चा. फ्लॅटमागे तीन पंखे, रोज दहा तास धरले तर ६० पंख्यांत दिवसाला २७ युनिट वाचतात. ८ किलोवॅटचा प्लांट दिवसाला सरासरी ३१ देतो. जवळजवळ बरोबरी, आणि पंख्याची बचत रात्रीही होते. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात २०० वॅटचा कूलर दीड किलोवॅटच्या एसीचं बरंच काम करतो, जून लागला की नाही. पंपांना टायमर लावून सकाळी ११ ते दुपारी २ मध्ये टाकी भरा. २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावर सवलत देण्याकडे दरांचा कल आहे, त्यामुळे दुपारचं युनिट दुपारीच वापरण्याची सवय पुढे उपयोगी पडेल. दुपारची वीज रात्रीसाठी साठवण्याचं काम मोठ्या प्रमाणावरच परवडतं. घाटघरच्या २५० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पात स्वस्त तासांत पाणी वर चढवून महाग तासांत सोडतात, ते गच्चीवर जमणार नाही.

फ्लॅटधारकांना उरलेल्या १२-१४ किलोवॅटमध्ये वाटा हवा असेल तर ते दुसऱ्या टप्प्यात. एका प्लांटची युनिटं अनेक मीटरांवर वाटून देण्याच्या पद्धतीला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. तुमच्या जोडण्यांना ती कशी लागू होईल ते लेखी घेतल्याशिवाय पैसे गोळा करू नका. गच्चीवरचा हक्क सगळ्यांचा आहे, फक्त वरच्या मजल्याचा नाही, हेही ठरावात लिहा.

देखभाल साधी आहे पण टाळली जाते. नोव्हेंबर ते मे महिन्यातून दोनदा धुवा, सूर्य वर यायच्या आत. तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकू नका. बोअरचं पाणी जड असेल तर क्षारांचे पांढरे डाग बसतात, शेवटचा हात नळाच्या पाण्याचा मारा. गोरेवाडा किंवा सेमिनरी हिल्सच्या बाजूला असतात तशी माकडं तुमच्याकडे येत असतील तर केबल पाइपमधूनच न्या.

पैसे देताना दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा संपेपर्यंत हातात ठेवा, आणि प्लांट ताब्यात घ्यायच्या दिवशी भर दुपारी मेन स्विच पाडून पाहा. सोलर लगेच बंद झालं पाहिजे. मग जनरेटर सुरू करा, सोलर बंदच राहिलं पाहिजे. मग लाइन परत द्या, काही मिनिटांत ते आपोआप सुरू झालं पाहिजे. यातलं एक जरी चुकलं तर सही करू नका.